जेम्सटाउन : बेटावरची खरी जागा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, जेम्सटाउन या इंग्रजांच्या पहिल्या कायम वसाहतीच्या नावाने पाहण्यासारख्या दोन जागा आहेत, हे निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. आम्ही ते घेतले नाही आणि फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर थेट ‘जेम्सटाउन सेटलमेंट’ या संग्रहालयाच्या दारात जाऊन उभे राहिलो. १६०७ साली १०४ पुरुष व मुलगे ज्या तीन जहाजांतून इथे उतरले, त्यांच्या प्रतिकृती तिथे नांगरलेल्या आहेत. मुले बरोबर असतील, तर तेही अवश्य पाहावे. मूळ वसाहत मात्र तिथून मैलभरावर, जेम्स नदीतल्या बेटावर आहे. सकाळ तिच्यासाठी राखावी.

बेटावर उभे असे फारसे काही उरलेले नाही. विटांचा एक जुना चर्चमनोरा तेवढा सतराव्या शतकातला. वसाहतीभोवतीचा लाकडी खांबांचा त्रिकोणी कोट नदीने केव्हाच गिळला अशी समजूत होती. परंतु १९९४ साली उत्खनन सुरू झाले आणि कुजलेल्या खांबांचे काळपट डाग मातीत ओळीने सापडत गेले. त्याच ओळीवर आता नवे खांब रोवलेले असल्याने कोटाचा आवाका चालतच समजतो, आणि तो अपेक्षेपेक्षा फारच लहान निघतो. शेजारच्या पुरावस्तुसंग्रहालयात १६०९-१० च्या भीषण उपासमारीत मेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीची कवटी आहे. कपाळावर चार उथळ घाव आहेत. मेल्यावर तिचे मांस खाल्ले गेले, याची ती खूण. लहान मुलांना तिथे नेण्याआधी विचार करावा.

आपल्याकडचा एक धागाही इथे सापडतो. ही वसाहत चालवणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीचे खजिनदार सर टॉमस स्मिथ हेच ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले गव्हर्नर होते, आणि इथे कडक शिस्त लावणारे सर टॉमस डेल १६१९ साली वारले ते मच्छलीपट्टणमला.

बेटावर प्रवेशशुल्क दोन भागांत घेतात. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असला, तरी दुसरा भाग भरावाच लागतो. उन्हाळ्यात दलदलीमुळे डास छळतात, म्हणून अंगभर कपडे घालावेत आणि पाणी जवळ ठेवावे. विल्यम्सबर्गहून येणाऱ्या कलोनिअल पार्कवेवर पेट्रोलपंप नाही. टाकी आधीच भरून घ्यावी. दिवस उरल्यास सरकारी फेरीबोटीने नदी ओलांडावी. गाडीसकट फुकट नेतात.