कॉन्टेसाचं १४८९ इंजिन बांधताना: आधी माप, मग माल

१९८४ साली आलेल्या हिंदुस्तान मोटर्सच्या पहिल्या कॉन्टेसा गाड्यांच्या बॉनेटखाली ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन होतं. लांब नाक, रुंद अंग, अमेरिकी मसल कारचा तोरा आणि आत टॅक्सीचं इंजिन, म्हणून बहुतेक मिस्त्री सांगतात की हे काढा आणि इसुझूचं १.८ टाका. पण इसुझू टाकायचं तर गिअरबॉक्स, माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट सगळंच बदलतं. शिवाय आरसीवर जुना इंजिन क्रमांक असतो, त्यामुळे आरटीओची नोंदही आली. गाडी मूळची १४८९ ची असेल आणि ब्लॉक तडकलेला नसेल, तर तेच इंजिन नीट बांधावं, असं माझं ठाम मत आहे. ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती, म्हणून सुटे भाग अजून हाती लागतात. दुकानात मात्र 'पेट्रोलचं' असं आवर्जून सांगा. ॲम्बेसेडरचं डिझेल इंजिनही १४८९ सीसीचंच होतं. त्याचे पिस्टन आणि हेड गॅस्केट पेट्रोलच्या इंजिनाला चालत नाहीत.

खरेदीची घाई इथे सगळ्यात महाग पडते. इंजिन खोलायच्या आधीच पिस्टन-रिंगचा सेट आणि शेल बेअरिंग आणून ठेवतात, मग कळतं की बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, झिजून पुढच्या साइझला गेलाय. मूळ बोअर ७३.०२५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८८.९ मिमी. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली मोजा, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) रेषेत एकदा, आडवं एकदा. सर्वांत जास्त झीज वरच्या कडेच्या जरा खाली, जिथे वरची रिंग थांबते, तिथे सापडते. चारपैकी जो सर्वांत वाईट, त्यावर साइझ ठरते: १०, २०, ३० किंवा ४० थाउ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण पाव मिलिमीटरच्या पायऱ्या. साइझ ठरली की पिस्टन आणा आणि ते हातात घेऊनच बोअरिंगला जा. डब्यावर छापलेलं क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) मशीनवाल्याला दाखवा. धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गामुळे ट्रक आणि ट्रॅक्टरची इंजिनं रोज येतात, त्यामुळे तिथल्या मशीनवाल्यांचे हात सराईत आहेत. पण ट्रॅक्टरचं ढिलं माप या छोट्या पेट्रोल इंजिनाला देऊ नका. रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने पाहा: ०.२० ते ०.३३ मिमी. फट कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो.

क्रँकला तीनच मेन बेअरिंग आहेत, म्हणून तो जपावा लागतो. जर्नल म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग: मेन जर्नल २ इंचाचा, बिगएंडचा (जिथे कनेक्टिंग रॉड बसतो) सुमारे ४७.६५ मिमी. ग्राइंडिंग करताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तशीच राहिली पाहिजे. कोपरा काटकोनात कापला गेला, तर क्रँक तिथूनच मोडतो. क्रँक आणायला गेलात की त्या गोलाईवर बोट फिरवून पाहा. तेलाच्या आरपार वाहिन्या रॉकेल आणि बारीक ब्रशने साफ करून हवा मारा, ग्राइंडिंगची बारीक चूर तिथेच लपते. थ्रस्ट वॉशर मधल्या मेनला बसतात, खाचांची बाजू क्रँककडे. एंड फ्लोट (क्रँकची पुढे-मागे हालचाल) ०.०५ ते ०.०८ मिमी हवा. बिगएंडला ३५ फूट-पाउंड, मेनला ७० फूट-पाउंड टॉर्क, आणि तोही टॉर्क रेंचनेच. अंदाजाने ताणलेला बोल्ट नंतर सैल होतो किंवा तुटतो.

क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, त्यावरची आट्यांची खाच तेल आत ओढते. तिथून तेल गळत असेल तर गॅस्केट पेस्ट लावत बसू नका. ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) तुंबून क्रँककेसमध्ये दाब साठतोय का आणि मेनचं क्लिअरन्स वाढलंय का, ते तपासा.

हेडवर मनापासून खर्च करा. मधलं एक्झॉस्ट पोर्ट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरना सामाईक आहे, तिथे सर्वांत जास्त तापतं आणि तडे जातात. तडे दाखवणारा रंग (डाय) टाकून तपासून घ्या. देशात फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्या शिशामुळे कास्ट हेडमधल्या सीटचं (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याचं) रक्षण होत असे. आता सीट खचते, टॅपेटची फट बंद होते, व्हॉल्व्ह जळतो. म्हणून एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट बसवा. पण कापताना खोली बेताची, नाहीतर पाण्याच्या जॅकेटमध्ये भोक पडतं. शिवाय आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने होज आणि पंपाचा डायफ्राम फुगतात, ते नवे, इथेनॉल चालणारेच घ्या.

खानदेशात खरा शत्रू उष्णता आणि क्षार. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी घातलेल्या ब्लॉकमध्ये मागच्या सिलिंडरभोवती दगडासारखा गाळ बसतो. कोअर प्लग काढून तारेने खरवडा, ड्रेन कॉकमधून पाणी मोकळं येईपर्यंत धुवा. नंतर डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची इकडे सवय आहे, ती सोडा. धुळ्याच्या डिसेंबरातल्या कडक थंडीत त्याशिवाय इंजिन तापतच नाही, पेट्रोल तेलात उतरतं आणि बोअर झिजतो.

नवा कॅमशाफ्ट घातला तर फॉलोअर (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह हलवणारे भाग) नवेच घाला, जुन्या फॉलोअरने लोब, म्हणजे कॅमचा उंचवटा, काही तासांतच खाल्ला जातो. सुरू करण्याआधी प्लग काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर मारा. पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर ठेवू नका, वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास फिरवा. तेल २०डब्ल्यू५० मिनरल. इंजिन गरम असताना टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट ०.३८ मिमीला लावा. दोन व्हॉल्व्हच्या क्रमांकांची बेरीज नऊ येईल असं पाहा, म्हणजे आठवा पूर्ण दाबलेला असताना पहिला लावा, सातवा दाबलेला असताना दुसरा. प्लगची फट ०.६४ मिमी, डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची ०.३५ ते ०.४० मिमी. हेडचे नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळा आणि थंड झाल्यावर पुन्हा तपासा. चाळीसगावहून कन्नड घाट किंवा धुळ्याजवळचा लळिंग घाट पहिले ५०० किलोमीटर होईपर्यंत टाळा. त्यानंतर तेल आणि फिल्टर बदला, आणि काढलेल्या तेलात चुंबक फिरवून लोखंडाची बारीक चूर किती लागते ते पाहा.