जहाज शेपटीने वळतं

निवडणुकांचे निकाल लागले की मराठी वर्तमानपत्रांत सुकाणूंचा सुकाळ होतो. जिल्हा बँकेचं सुकाणू अमक्या गटाकडे, बाजार समितीचं तमक्या पॅनलकडे. आंदोलन उभं राहिलं की पहिल्या बैठकीत सुकाणू समिती होते आणि दुसऱ्या बैठकीत तिच्यात फूट पडते. बातमीसोबतच्या फोटोत सुकाणू मिळालेला माणूस फेटा बांधून पहिल्या रांगेत, मधोमध. मला ह्या फोटोंची गंमत वाटते. कारण खरं सुकाणू होडीच्या अगदी मागच्या टोकाला, पाण्याखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी असतं. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा होते तेव्हा हारसुद्धा पडतो तो नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला.

ते नीट बघायचं तर पावसाळ्यात कोकणात जावं. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, वरून निळे ताडपत्रीचे कागद नाहीतर झापं. पर्यटकांना हा ओला, मोकळा किनारा उदास वाटतो, पण एरवी पाण्यात दडलेलं सगळं याच दिवसांत उघडं पडतं. मुरूडच्या बाजूला अशाच एका बोटीच्या मागे मी बराच वेळ उभा होतो. आधी दिसतो पितळी पंखा. त्याच्या लगेच मागे, उभ्या लोखंडी दांड्यावर बसवलेला जाड पत्रा, माझ्या छातीइतका उंच. एवढंच सुकाणू. लाल रंगाचे पोपडे सुटलेले, त्यांवर पांढरी कडक शिंपलं चिकटलेली, आणि एक पोरगा ती पत्र्याच्या तुकड्याने खरवडतोय. सुकाणूच्या मधोमध बोल्टने आवळलेली एक करडी वडी होती, कडा खाल्लेल्या. जस्ताची. खारं पाणी लोखंडाच्या आधी जस्त खातं, म्हणून ही वडी लावायची, झिजली की बदलायची. मी उगाच विचारलं, “ही कशाला रे?” तो खरवडायचं न थांबवता म्हणाला, “ती दर्याला खावाला दिलीय.”

पंख्याच्या बरोब्बर मागे सुकाणू का, हेही तिथे उभं राहिलं की कळतं. पंख्याने मागे फेकलेलं पाणी थेट त्या पत्र्यावर आपटलं पाहिजे. पत्रा उजवीकडे वळवला की पाण्याचा रेटा बोटीची पिछाडी डावीकडे ढकलतो, आणि पिछाडी डावीकडे गेली म्हणून तोंड उजवीकडे होतं. म्हणजे आपल्याला वाटतं बोट नाक वळवून निघाली. प्रत्यक्षात तिने शेपूट झटकलेली असते. गल्लीच्या वळणावर केळीवाला हातगाडी कशी वळवतो ते आठवा. तो स्वतः डाव्या अंगाला सरकतो, तेव्हा गाडीचं तोंड उजवीकडे होतं. पुढे चालणारं जहाज साधारणपणे पुढून एक तृतीयांश अंतरावरच्या बिंदूभोवती फिरतं, त्यामुळे खरा मोठा फेरा मारते ती पिछाडी. धक्क्यावरून निघताना नाळ बाहेर काढायची घाई केली की मागचा भाग धक्क्यावर घासलाच म्हणून समजा. आणि उजव्या बाजूने माणूस पाण्यात पडला तर जहाज त्याच्यापासून दूर न्यायचं नसतं, लगेच उजवीकडेच वळवायचं असतं, म्हणजे पंख्यासकट पिछाडी त्याच्यापासून लांब जाते. आपल्यासारख्या नाकासमोर चालणाऱ्या माणसांना हे पहिल्या झटक्यात पटत नाही.

मूळ सुकाणू म्हणजे नुसतं वल्हं. मागच्या बाजूला एक मोठं वल्हं धरून बसलं की झालं. नॉर्वेत 1880 साली उकरून काढलेल्या, व्हायकिंग काळातल्या गोकस्टाड जहाजाला असं वल्हं उजव्या अंगाला बांधलेलं आहे. उजव्या हाताचे लोक जास्त, म्हणून उजवीकडे; आणि ते धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज लावायचं डाव्या अंगाने. जहाजाची उजवी बाजू स्टारबोर्ड झाली ती ह्या वल्ह्यामुळे, आणि डावीला पोर्ट म्हणतात तेही बंदराला लागायची बाजू म्हणूनच. (पूर्वी डावीला लारबोर्ड म्हणत. वादळात स्टारबोर्ड आणि लारबोर्ड ह्या दोन आरोळ्यांतला फरक ऐकू यावा ही अपेक्षाच धाडसाची. ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये तो शब्द मोडीत काढला.) आपल्याकडे अजिंठ्यातल्या भित्तिचित्रावरून गोव्यात बांधलेलं, टाके घालून फळ्या जोडलेलं ‘कौंडिण्य’ जहाज 2025 मध्ये कारवारला नौदलात आलं, त्यालाही सुकाणू म्हणून अशी वल्हीच आहेत. युद्धनौकांवर बटणं दाबायची सवय असलेल्या खलाशांना ती हाताळायला नव्याने शिकावी लागली असणार.

वल्ह्याचा पुढे पत्रा झाला, पत्रा पिछाडीला मधोमध टांगला गेला, आणि तो फिरवायला वर एक आडवा दांडा आला. खाडीतल्या लहान होड्यांना अजून हाच दांडा असतो. तो हाताने धरतात असं चित्रांत दाखवतात. प्रत्यक्षात तो काखेत असतो, मांडीखाली असतो, आणि बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्यापाशी असतो, कारण दोन्ही हात विडी पेटवण्यात गुंतलेले असतात. त्या पायाची हालचाल बघण्यासारखी असते. बोट उजवीकडे न्यायची तर पाय दांड्याला डावीकडे रेटतो. सगळं उलटं. पण त्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल यात उलटं काय? त्याने कधी उजवं-डावं असा हिशोब केलेलाच नसतो. समोरची खूण बघायची आणि पायाने मागे जाब द्यायचा.

घोटाळा झाला तो हुकूम देणारा एक आणि दांडा धरणारा दुसरा झाल्यावर. मोठ्या जहाजांवर कप्तान ओरडणार आणि खलाशी दांडा ढकलणार. कप्तान ‘स्टारबोर्ड’ म्हणाला, म्हणजे दांडा उजवीकडे. म्हणजे सुकाणू डावीकडे. म्हणजे जहाज डावीकडे. दांडा होता तोवर हे ठीक होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवर चाक आलं. दोर आणि कप्प्या लावून ते अशा रीतीने जोडू लागले की चाक ज्या बाजूला फिरवाल त्या बाजूला जहाज वळेल. पण हुकूम काही बदलले नाहीत. दांडा नजरेआड झाला, खालच्या मजल्यावर गेला, तरी हुकूम त्याच्याच नावाने सुटत राहिले. दोनशे वर्षं! पिढ्यान्‌पिढ्यांच्या खलाशांनी ‘स्टारबोर्ड’ ऐकून चाक डावीकडे फिरवलं.

टायटॅनिकवर 14 एप्रिल 1912 च्या रात्री हेच झालं. समोर हिमनग दिसल्यावर फर्स्ट ऑफिसर मर्डॉकने हुकूम दिला, ‘हार्ड अ स्टारबोर्ड’. चाकावर रॉबर्ट हिचेन्स होता. त्याने हुकमाप्रमाणे चाक पूर्ण डावीकडे फिरवलं, जहाज डावीकडे वळू लागलं आणि उजवी कूस हिमनगाला घासली. आजच्या माणसाला हे वाचून वाटतं की हिचेन्सने चूक केली. त्याने चूक केलेली नव्हती. त्या काळी ब्रिटिश जहाजांवर त्या हुकमाचा अर्थच तो होता. हा उलटा कारभार ब्रिटिश व्यापारी जहाजांवर 1933 साली कायद्याने बंद झाला. तेव्हा जुन्या खलाशांची जी तारांबळ उडाली असेल ती मला राहून राहून दिसते. तीस वर्षं ‘उजवीकडे’ म्हणजे डावीकडे, आणि आता एका सकाळपासून ‘उजवीकडे’ म्हणजे उजवीकडे.

चाकाला फार रुबाब मिळाला. हॉटेलांच्या भिंतींवर, की-चेनवर, बारशाच्या केकवर, सगळीकडे तेच, आठ मुठींचं. दांड्याचं चित्र कुणी लावत नाही. पण वेळ आली की चाक बाजूला राहतं. ट्रफाल्गरच्या लढाईत, 21 ऑक्टोबर 1805 ला, ब्रिटिश सेनापती नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाचं चाक तोफगोळ्याने उडवलं. मग चाळीस माणसं खालच्या मजल्यावर गेली आणि वरून ओरडून सांगितलेल्या हुकमांवर दांडा ओढत राहिली. त्यांना शत्रू दिसत नव्हता, समुद्र दिसत नव्हता, आपलं जहाज कुठे चाललंय तेही दिसत नव्हतं. लढाई मात्र तशीच जिंकली गेली. त्या काळची अशी चाकं बघायला मिळतात. मुंबईत वाडियांनी 1817 मध्ये सागवानात बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिथे जाणारे लोक चाकाला हात लावून फोटो काढतात. खालच्या दांड्याकडे किती जण वाकून बघत असतील कोण जाणे.

चाक आणि सुकाणू यांच्यामध्ये काय असतं ते बघायला एवढं लांब जायला नको. जुन्या लाकडी लाँचमध्ये कडेच्या बाकावर बसावं. पायाशी, बाकाच्या खालून, एक साखळी गेलेली असते, मध्ये मध्ये लोखंडी सळई, वळणावर कप्पी. पुढे सारंगाने चाक फिरवलं की आपल्या टाचेजवळ ती साखळी खडखडत चार बोटं पुढे सरकते, थांबते, परत मागे येते. ग्रीसने काळी झालेली. एखाद्याची पिशवी तिच्यावर टेकलेली असते, मग खलाशी येऊन न बोलता ती पायाने बाजूला करतो. मला लाँचमध्ये समुद्रापेक्षा ह्या साखळीकडे बघायला आवडतं. सारंग काय विचार करतोय ते तिच्यात आधी कळतं. समोर काहीच दिसत नसताना ती एकदम तीनदा खडखडली की ओळखावं, पुढे कुणाचं तरी जाळं आहे.

माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या जहाजाची लांबी पावणेतीनशे मीटर, आणि चाक आपल्या मारुतीच्या स्टीअरिंगपेक्षा लहान. त्याला म्हटलं, “म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच प्रकार.” तो म्हणाला, “मामा, तू एकदा स्टीअरिंग फ्लॅटमध्ये चल. तिथे शेळी दिसेल तुला.” पिछाडीला, पाण्याच्या पातळीच्या आसपास, सुकाणूच्या उभ्या खांबाच्या डोक्यावर अजूनही दांडाच बसवलेला असतो, फक्त तो दोन्ही बाजूंनी तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे ढकलतात. चाकाकडून येते ती केवळ विजेची तार. सुकाणू एका बाजूला 35 अंश आणि दुसऱ्या बाजूला 35 अंश फिरलं पाहिजे, आणि जहाज पूर्ण भरलेलं, पूर्ण वेगात असताना एका टोकापासून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांत पोचलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. अठ्ठावीस सेकंद म्हणजे समोर काही आडवं आलेलं असताना बराच मोठा काळ. आणि जहाज वळायला लागतं ते त्याच्याही नंतर.

हे दट्टे बंद पडले तर काय होतं ते 16 मार्च 1978 ला फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर दिसलं. अमोको काडिझ ह्या टँकरच्या सुकाणूची यंत्रणा फुटून तिच्यातलं तेल वाहिलं, सुकाणू लाटांच्या मर्जीने आपटू लागलं, आणि रात्री जहाज खडकांवर गेलं. सव्वादोन लाख टनांच्या आसपास कच्चं तेल समुद्रात सांडलं. त्यानंतर मोठ्या टँकरांना सुकाणू फिरवण्याची यंत्रणा दुहेरी ठेवण्याचे नियम झाले. सुकाणू शाबूत असूनही भागत नाही. मार्च 2024 मध्ये बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ‘डाली’ जहाजाची वीज गेली, इंजिन थांबलं, पंखा थांबला. खलाशी बहुतेक सगळे भारतीय. मागून पाण्याचा झोत नसला की सुकाणूला धरायलाच काही उरत नाही. जहाज पुलाच्या खांबावर आदळलं, पूल कोसळला, आणि पुलावर काम करणारे सहा मजूर त्यात गेले.

भाच्याला चाकावर उभं राहायचं काम नवीन असताना बरंच करावं लागलं. त्याला वाटायचं, आपल्या हातात केवढं जहाज! पण चाकावरचा माणूस काहीच ठरवत नाही. जुने खलाशी त्याला सुखानी म्हणतात. अधिकारी म्हणतो, ‘पोर्ट टेन’, म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश. सुखानी तेच शब्द मोठ्याने परत म्हणतो, चाक फिरवतो, समोरच्या डायलवर सुकाणूचा काटा दहावर आला की पुन्हा सांगतो की पोर्ट टेन झालं. अधिकारी ‘मिडशिप्स’, म्हणजे सुकाणू मधोमध, म्हणेपर्यंत तिथेच धरून ठेवायचं. पाळी संपली की दुसऱ्याच्या हाती चाक देताना दिशा सांगायची, आणि हेही सांगायचं की आज वारा डाव्या कुशीला आहे, सरळ जायला उजवीकडे तीन अंश धरून ठेवावे लागतायत. नव्या माणसाने ते सगळं परत म्हणून दाखवल्याशिवाय मुठी सोडायच्या नाहीत.

ही सवय सुट्टीतही जात नाही. ताई म्हणते, “येताना दोन किलो कांदे आण, लाल.” हा चपला घालता घालता म्हणतो, “दोन किलो कांदे, लाल.” परत आला की दारातूनच, “लाल कांदे, दोन किलो, आणले.” सुरुवातीला ताईला हा उद्धटपणा वाटला होता. आता तिला सवय झालीय, इतकी की भावजी नुसतं ‘हो’ म्हणून बाजारात निघाले की ती त्यांना दारात थांबवते आणि म्हणते, “काय आणायचंय ते म्हणून दाखवा.”