‘नक्की घेऊ’ या उत्तराची किंमत

अ‍ॅनिमेशन शिकू पाहणाऱ्या अगदी नवख्या माणसासाठी मराठीत एक मार्गदर्शक पुस्तक लिहावे आणि त्याच्या छपाईचा खर्च वाचकांकडूनच आगाऊ घेऊन, म्हणजे क्राउडफंडिंगने, उभा करावा, असे माझ्या मनात दोन वर्षांपासून आहे. शब्द नवा असला तरी व्यवहार मराठी वाचकाला अपरिचित नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे भरून ग्रंथाच्या खंडांची महिनोन्महिने वाट पाहणारी पिढी आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात अजून आहे, आणि माझ्या वडिलांच्या कपाटातले निम्मे कोश तसेच घरी आलेले आहेत. फरक एवढाच, की तिथे प्रकाशकाचे नाव लोकांना माहीत असे. मला मात्र माझ्या शिकवणीच्या मुलांपलीकडे बडोद्यात फारसे कोणी ओळखत नाही. म्हणून पैसे मागण्याआधी विचारून घ्यावे, असे ठरवले.

पहिली प्रश्नावली मी एका संध्याकाळी गुगल फॉर्मवर तयार केली आणि ओळखीच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकली. ‘असे पुस्तक मराठीत असावे असे आपल्याला वाटते का?’ हा पहिला प्रश्न होता आणि ‘प्रकाशित झाल्यास आपण ते घ्याल का?’ हा शेवटचा. जवळजवळ सगळ्यांनी दोन्हींना होकार दिला. माझा तो आनंद पत्नीने फॉर्म वाचेपर्यंतच टिकला. ‘यात नाही म्हणायची सोय कुठे आहे?’ एवढेच तिने विचारले. तिचे म्हणणे खरे होते. आपल्याकडे तोंडावर नकार देण्याची रीत नाही. ‘बघू’ म्हणजे नाही आणि ‘नक्की’ म्हणजे बघू, हे लग्नाच्या आमंत्रणापासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही स्वतःच्या कामाच्या वेळी आपण ते सोयीस्करपणे विसरतो. भाषेच्या अभिमानाला हात घालणारा प्रश्न आधी विचारून मी तर उत्तर जवळजवळ त्यांच्या तोंडी घातले होते.

दुसऱ्या प्रश्नावलीत पुस्तकाचा उल्लेखच शेवटपर्यंत ठेवला नाही. पुढे काय कराल, याऐवजी आजवर काय केले, ते विचारले: अ‍ॅनिमेशन करून पाहण्याचा शेवटचा प्रयत्न कधी केला, कशावर केला, कुठे थांबलात, आणि गेल्या वर्षभरात असे काही शिकण्यासाठी प्रत्यक्ष किती पैसे खर्च केले. या वेळी उत्तरे देणारे कमी निघाले, कारण ज्यांनी कधी प्रयत्नच केला नव्हता त्यांना लिहिण्यासारखे काही नव्हते. ही गळती मला फार उपयोगी वाटली. पहिल्या फॉर्मवर उत्साहाने ‘हो’ लिहिणारे आमचे बहुतेक नातेवाईक इथेच बाहेर पडले.

जे उरले त्यांच्या उत्तरांनी माझा आराखडा मोडला. पुस्तकाचा एक तृतीयांश भाग मी ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरसाठी राखून ठेवला होता. पण प्रयत्न करून सोडून दिलेल्या बहुतेकांच्या हातात फक्त मोबाइल होता, आणि ते सॉफ्टवेअरपाशी अडलेही नव्हते. ते अडले होते चित्रांच्या संख्येपाशी. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. एकेक चित्र दोन चौकटी दाखवण्याची सवलत घेतली तरी सेकंदाला १२ चित्रे काढावी लागतात. नवखा माणूस हौसेने दोन मिनिटांची गोष्ट निवडतो, म्हणजे १,४४० चित्रे अंगावर घेतो, आणि चाळिसाव्या चित्रापाशी आपल्यात कला नाही असा निष्कर्ष काढून वही मिटतो. हे मला शिकवताना दिसले असायला हवे होते. पण शिकवणीला येणारी मुले माझ्यासमोर बसलेली असतात, त्यांना मी थांबू देत नाही. आता पहिले प्रकरण एका सेकंदाचे आहे: उसळणारा चेंडू, १२ चित्रे, वहीचा कोपरा आणि पाने भराभर उलटणारा अंगठा. उंचीवर चेंडू मंदावतो म्हणून तिथली चित्रे जवळजवळ आणि जमिनीलगत तो वेगात असतो म्हणून तिथली दूरदूर, एवढे कळले की या विद्येचा निम्मा पाया हाती येतो.

लिपीचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. तो आपणहून पुढे आला. मराठी फॉर्म भरून आला तो पालकांकडून. मुले घरात अस्खलित मराठी बोलतात, पण त्यांचे शिक्षण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात झालेले असते, आणि देवनागरी त्यांना मुख्यतः हिंदीच्या तासामुळे येते. ‘काका, समजतं सगळं, पण वाचायला वेळ लागतो,’ असे एका मुलाने मला रावपुऱ्यात रस्त्यातच सांगितले. हे पुण्यात राहून मला कधी कळले नसते. पुस्तक मराठीतच राहील, परंतु वाक्ये लहान असतील आणि जे चित्राने सांगता येईल ते शब्दाने सांगायचे नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. ‘फ्रेम’ (चौकट) आणि ‘कीफ्रेम’ (हालचालीतली मुख्य चौकट) यांना घडवलेले संस्कृत प्रतिशब्द द्यायचा मोहही त्याच दिवशी सोडला.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: शिकणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. चौदा वर्षांच्या मुलाला काय हवे, हे विचारून किंमत ठरत नाही. ती ठरते त्याच्या आईला विचारून, आणि आईची चिंता मुलाचा मोबाइल आणखी वाढेल ही असते. म्हणून पालकांसाठी वेगळी प्रश्नावली केली. किमतीसाठी मी पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाने १९७६ मध्ये मांडलेली पद्धत वापरली. तिच्यात ‘किती द्याल?’ असे विचारत नाहीत. चार प्रश्न असतात: कोणत्या किमतीला ही वस्तू घेण्याचा विचारच करणार नाही, कोणत्या किमतीला महाग वाटेल तरी विचार कराल, कोणत्या किमतीला स्वस्त पडली असे वाटेल, आणि कोणत्या किमतीला इतकी स्वस्त वाटेल की दर्जाचीच शंका येईल. चौथा प्रश्न मला निरर्थक वाटला होता, कारण मराठी ग्राहकाला एखादे पुस्तक फार स्वस्त वाटेल यावर माझा विश्वास नव्हता. पण मी मनात धरलेली किंमत नेमकी त्या शंकेच्या टप्प्यात पडली. अर्थात सांगितलेली किंमत आणि खिशातून निघालेली किंमत एक नसते, त्यामुळे या आकड्यांवर मी फक्त वरची आणि खालची मर्यादा ठरवली.

पैसे कुठे गोळा करायचे, हा भाग त्या मानाने सोपा होता. २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर भारतात राहणाऱ्याला स्वतःच्या नावाने प्रकल्प मांडता येत नाही. पण ठरवलेली रक्कम मुदतीत जमली नाही तर कोणाकडूनही काहीच घ्यायचे नाही, हा त्यांचा नियम मात्र मी उचलला आहे. अपुऱ्या पैशांत निम्मे पुस्तक छापण्यापेक्षा ते बरे. ही रक्कम ठरवताना छपाई आणि कमिशन माझ्या लक्षात होते, टपालखर्च नव्हता. प्रश्नावलीत पिनकोड विचारला आणि उत्तरांतला मोठा भाग बडोद्याबाहेरचा निघाला, तेव्हा तो लक्षात आला.

‘हो’ कोणाचे मोजावे, याचे उत्तर मला फाळक्यांकडून मिळाले, आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या माणसाचा दाखला इथे देणे अस्थानी होणार नाही. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवे असताना त्यांनी लोकांना केवळ कल्पना ऐकवली नाही, कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून ती चित्रफीत दाखवली आणि मग पैसे मागितले. प्रश्नावलीच्या शेवटी मीही आता मत विचारत नाही. चेंडूचे प्रकरण छापील पाठवू का, एवढेच विचारतो आणि पत्ता मागतो. ज्यांनी पूर्ण पत्ता लिहिला तेवढेच माझ्या हिशेबात धरले आहेत.

त्या प्रकरणाच्या प्रती आल्या आहेत. येत्या रविवारी सकाळी त्यांतल्या काही घेऊन मी कमाटीबागेत बसणार आहे. येणाऱ्या मुलांना काहीही न सांगता वही आणि पेन्सिल हाती द्यायची, आणि कोणत्या पानावर पेन्सिल थांबते ते टिपून ठेवायचे, एवढेच काम त्या दिवशी आहे.