मावशींचा कूलर आणि केनियातली बाळं

मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोघीजणी बोलत उभ्या होत्या, विषय होता आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा. "लाडकी बहीणचे पैसे येतात ना, कूलर घेतला म्हणे!" त्या 'म्हणे'मध्ये सगळं आलं, की यांना पैसा दिला की असाच उडवणार. मी तेव्हा काहीच बोलले नाही, भाजीची पिशवी घेऊन वर आले, आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून आज लिहायला बसले.

मावशी राहतात मानेवाड्याच्या पुढे, टिनाच्या एका खोलीत, पाच माणसं आणि मार्चमध्ये जन्मलेला नातू. मे महिन्यातलं नागपूर ज्यानं पाहिलंय त्याला टिनाची खोली म्हणजे काय हे सांगायला नको. बाहेर ४५ असतं तेव्हा आत बसवत नाही, पाण्याचा माठसुद्धा कोमट होतो, रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर गरम लागते. आणि तिथं दोन महिन्यांचं बाळ.

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे गरिबाला थेट पैसे दिले तर काय होतं हा विषय माझ्या रोजच्या वाचनातला. यावर सगळ्यात खोलवर काम झालंय ते केनियाच्या सियाया भागात. व्हिक्टोरिया सरोवराजवळचा प्रदेश, लुओ लोकांचा, मका आणि शेंगभाज्यांची छोटी छोटी शेतं, बराक ओबामांच्या वडिलांचं कोगेलो गाव याच भागातलं. गिव्हडायरेक्टली नावाची संस्था तिथं गावात जायची, ज्या घरावर गवताचं छप्पर आहे ते घर गरीब असं धरायची आणि त्या घराला पैसे द्यायची. कशासाठी वापरा, कुठं खर्च करा, बिलं दाखवा, काही नाही. पैसे यायचे मोबाईलवर, एम-पेसावर, म्हणजे आपल्याकडे यूपीआय आलं त्याच्या नऊ वर्षं आधी, २००७ मध्ये, तिथं सुरू झालेली सोय. स्वाहिलीत पेसा म्हणजे पैसा, वाचताना एकदम घरचाच शब्द वाटतो. मेसेज आला की बाजाराच्या टपरीवर जायचं आणि रोख घेऊन यायची.

शेजारच्याच होमा बे भागात तर बऱ्याच लोकांनी पैसे घ्यायलाच नकार दिला होता. हा सैतानाचा पैसा आहे, पुढे काहीतरी मागतील, अशा अफवा होत्या. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आपल्याकडे कोणी दारात येऊन म्हणालं की घ्या ६० हजार आणि वापरा कसेही, तर आपण आधी गेट लावून घेऊ.

ज्यांनी घेतले त्यांनी काय केलं? खूप जणांनी आधी छप्पर बदललं. गवत काढून टिनाचे पत्रे घातले, तिकडे त्याला माबाती म्हणतात. हे वाचताना मला उमरेडकडचं आजीचं घर आठवलं. कवेलूचं घर होतं, दरवर्षी मृगाच्या आधी कवेलू फेरायला माणूस बोलवायचा, फुटलेले बदलायचे, त्याची मजुरी वेगळी, आणि एवढं करून पहिल्या पावसात घरभर पातेली मांडायची. आजी म्हणायची की एकदा टीन पडलं असतं तर हा दरवर्षीचा खर्च सुटला असता, पण एकदम एवढा पैसा हातात कधी आलाच नाही. गवताचं छप्परही असंच असतं, सडतं, पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं. गरिबाला स्वस्तातली वस्तू दरवर्षी घ्यावी लागते आणि ती शेवटी महागात पडते. हे आजीला कोणी शिकवलं नव्हतं, तसंच सियायातल्या बायांनाही शिकवायला लागलं नाही.

दारूचा प्रश्न तर पार्किंगमध्ये हमखास निघतो. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र करून पाहिले, पैसे दिल्यानं दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसत नाही. आपण मात्र तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते एकरकमी पैशाचं. केनियातच २०१६ पासून दुसरा एक मोठा प्रयोग सुरू आहे, त्यात नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जीही आहेत. काही गावांना १२ वर्षं दरमहा साधारण २२ डॉलर, काहींना तेवढेच पण फक्त दोन वर्षं, आणि काहींना जवळपास त्या दोन वर्षांची सगळी रक्कम एकदाच हातात. दोन वर्षंच मिळणाऱ्यांपेक्षा एकरकमी मिळालेल्यांनी छोटे धंदे जास्त सुरू केले. आणि ज्यांना १२ वर्षं मिळणार होते त्यांनी काय केलं माहितीये, त्यांनी बचतीचे गट धरले, सगळ्यांनी दरमहा टाकायचे आणि पाळीपाळीनं एकीनं उचलायचे. म्हणजे आपली भिशी! मी ते वाचून खुर्चीतून उठलेच, कारण मावशींनी अगदी हेच केलं होतं. त्यांना १५००, सुनेला १५००, जुलै २०२४ पासून योजना सुरू झाली आणि त्यांच्या वस्तीत दहा बायांची भिशी लागली, दरमहा हजार. थेंब थेंब आलेला पैसा घरात ठेवला तर तेल-मिठात जातो हे त्यांना माझ्या पुस्तकांपेक्षा चांगलं कळतं. एप्रिलमध्ये त्यांचा नंबर लागला, दहा हजार एकदम हातात आले आणि त्यातून सेकंडहँड कूलर आला, त्याला नवी खस लावली, उरलेले सुनेच्या दवाखान्याच्या उधारीत गेले.

आणि आता ते, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहितेय.

सियायातल्या ६५३ गावांमध्ये, २०१४ च्या पुढच्या दोन-तीन वर्षांत, १०,५०० पेक्षा जास्त घरांना साधारण हजार-हजार डॉलर दिले गेले, तेव्हाचे आपले ६०-६५ हजार रुपये. कोणत्या गावांना द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, त्यामुळे तुलना पक्की. आधी एडवर्ड मिगेल, पॉल नीहाउस वगैरे अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की एका डॉलरमागे त्या भागात अडीच डॉलरच्या आसपास उलाढाल झाली, पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचंही भलं झालं आणि महागाई जवळपास वाढलीच नाही. ते मी वर्गात शिकवतेच. पण २०२५ मध्ये त्याच गावांमधल्या एक लाखाहून जास्त जन्मांची माहिती घेऊन नवा अभ्यास आला. पैसे मिळालेल्या घरांमध्ये वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झालं होतं. जवळपास निम्मं. मी तो आकडा तीनदा वाचला. कोणतं नवीन औषध नाही, लस नाही, फक्त घरात पैसा होता.

कसं झालं हे अभ्यास करणाऱ्यांनी शोधलं. दवाखान्यात बाळंतपण करण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांनी वाढलं. डॉक्टर असलेला दवाखाना जवळ होता तिथं फायदा सगळ्यात जास्त, आणि बाळंतपणाच्या आसपास पैसे हातात आले तिथं. म्हणजे नुसता पैसा पुरत नाही, दवाखानाही हवा, जो कोणी म्हणतो की पैसे वाटले की सरकारी दवाखान्यांकडे बघायला नको त्यानं हे नीट वाचावं. पण माझ्या काळजात घुसलं ते दुसरंच. बाळंतपणाच्या आधीचे तीन महिने आणि नंतरचा एक महिना, या काळात बायांचं बाहेरचं काम निम्म्यानं कमी झालं. त्या बसल्या. झोपल्या. बाळाला पाजलं. आपल्यापैकी ज्यांना पगारी रजा मिळाली त्यांनी हे सहज घेतलं, मीही घेतलं, सहा महिने, वर आईच्या हातचे डिंकाचे लाडू.

मावशींना मी हे सांगितलं, भांडी घासता घासता त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी त थोरल्याच्या टायमाले सोयाबीन सोंगत होती ताई. दुपारी पोट दुखाले लागलं, तवा धुऱ्यावर जाऊन बसली." पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यांच्या सुनेकडे तीन घरची कामं होती, ती तिनं सातव्या महिन्यातच सोडली. "दोघीचे मिळून तीन हजार येते नं, मीच म्हटलं तिले, बस आता घरी."

१५०० रुपये फार नाहीत, हप्ता लांबला की भिशीची पंचाईत होते हेही मावशींकडूनच कळलं. पण पैसा कोणाच्या नावावर येतो आणि त्याचं काय करायचं हे कोण ठरवतं, यानं खूप फरक पडतो.

रविवारी मी बाळाला बघायला गेले, झबली-टोपडी घेऊन. दुपारचे दोन वाजले होते, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दार लोटलं तर आत खसचा ओला वास आणि कूलरची घरघर, कोपऱ्यात जुन्या लुगड्याच्या झोळीत बाळ गाढ झोपलेलं, मानेवरच्या घामोळ्या वाळत आलेल्या. खाली चटईवर सून झोपलेली, भर दुपारी, हात डोक्याखाली घेऊन. मी तिला हाक मारणार तेवढ्यात मावशींनी ओठांवर बोट ठेवलं.

"निजू द्या तिले," म्हणाल्या, आणि मला बाहेर सावलीत खुर्ची टाकून दिली.