कोंबड्यांच्या वाट्याची आंबील

मराठी घराला आंबवण्याचं नवल नाही. ज्वारीचं पीठ रात्री कालवलं की सकाळी आंबील शिजते, इडलीचं पीठ भांड्यातून उतू जातं, दुभत्या म्हशीपुढे भिजवलेलं आंबोण येतं. परसातल्या कोंबडीला मात्र कोरडी कणी, नाहीतर पिशवीतून आणलेलं कोरडं मॅश, म्हणजे दळलेलं तयार खाद्य. ती त्यातले जाड दाणे तेवढे टिपते आणि पीठ पायाखाली उकरून टाकते. महागाचा माल, म्हणजे पेंड, सुकट आणि खनिजं, नेमका त्या पिठातच असतो. नुसतं पाणी घालून दिलं तरी ही नासाडी थांबते. आंबवणं ही त्यापुढची पायरी, आणि घरात सहा-आठ कोंबड्या असतील तर तिला रोजची दहा मिनिटं पुरतात.

दाण्याच्या अंगावर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू मुळातच असतात. पाण्याखाली, हवेपासून दूर ठेवले की ते दाण्यातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. भिजत घातलेल्या भरड्याचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) सुरुवातीला सहाच्या आसपास असतो. तो साडेचारच्या खाली गेला की साल्मोनेला आणि ई. कोलाय या रोगजंतूंना तिथे राहणं कठीण होतं. दुसरा फायदा कमी बोलला जातो, पण मला तो जास्त मोलाचा वाटतो. धान्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो नीट सोडवता येत नाही. तो सोडवणारं फायटेज हे विकर (एन्झाइम) गव्हाच्या कोंड्यात भरपूर असतं, मक्यात जेमतेम. कोरड्या कोंड्यात ते निजलेलं असतं, ओल आणि हलका आंबटपणा मिळाला की कामाला लागतं. म्हणून नुसता मका आंबवण्यापेक्षा त्यात मूठभर गव्हाचा कोंडा घालावा. चक्कीवाल्याकडे तो स्वस्तात मिळतो.

अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी एक किलोचं मिश्रण असं जमतं: मक्याचा भरडा ५०० ग्रॅम, बाजरी किंवा ज्वारी १५०, गव्हाचा कोंडा १५०, शेंगदाणा पेंड १५० आणि सुकट ५०. यात प्रथिनं सतरा टक्क्यांच्या जवळ जातात. पूर्ण वाढलेली, नेमानं अंडी देणारी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम कोरडं खाद्य खाते. गावरान कोंबडी अंगानं लहान आणि दिवसभर उकिरडा फिरणारी, तिला त्याहून कमी पुरतं. जीवनसत्त्वांसाठी शेवग्याचा पाला किंवा लसूणघास रोज जुडीभर टांगावा. सुकट बिनमिठाची घ्यायची. बाजारातल्या खारवलेल्या मासळीत इतकं मीठ असतं की कोंबड्यांना बाधू शकतं. सुकट बादलीत आंबवूही नये, ती आंबण्याऐवजी कुजते आणि माश्यांना आवतण जातं. वाढायच्या वेळी वरून घालावी.

उरलेलं साडेनऊशे ग्रॅम धान्य पाच लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीत किंवा चिनी मातीच्या बरणीत घ्या. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, आम्ल धातू खातं. नळाचं पाणी असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून क्लोरीन उडू द्या. सव्वा ते दीड लिटर पाणी ओतून ढवळा. तासाभरात भरडा फुगून वर येतो आणि पाणी दिसेनासं होतं. इथेच बहुतेकांचं बिघडतं. पुन्हा पाणी घालून धान्यावर दोन बोटं पाणी उभं राहिलं पाहिजे. वर उघडा पडलेला थर आंबत नाही, त्याला बुरशी धरते. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू तयार होतो. सकाळ-संध्याकाळ स्वच्छ कोरड्या पळीनं तळापासून ढवळा. मीठ नको, गूळ तर नकोच. गुळावर यीस्ट माजतं आणि आंबिलीऐवजी दारूचा वास येऊ लागतो.

पहिला दिवस सर्वात नाजूक. विरजण न घालता भिजवलेल्या धान्यात आधी नको असलेले जंतू वाढतात आणि आम्ल पुरेसं साचल्यावर मागे हटतात. म्हणजे ‘एक दिवस झाला, थोडं फसफसलं, घाला कोंबड्यांना’ म्हणून जे वाढलं जातं, ते धड ताजं नसतं आणि धड आंबलेलंही नसतं. पहिल्या खेपेला दोन-तीन चमचे बिनमिठाचं ताक किंवा इडलीचं बिनमिठाचं पीठ घालता येतं. पण दुधावर वाढलेल्या जिवाणूंपेक्षा धान्यावर वाढलेले धान्यात जास्त चांगले रुळतात. म्हणून खरं विरजण म्हणजे आधीच्या खेपेचं पाणी. किलोला एक वाटी घातलं की पुढची खेप लवकर आणि खात्रीनं आंबते.

किती दिवस ठेवायचं हे कॅलेंडरपेक्षा हवेवर ठरतं. विदर्भातल्या मे महिन्यात विरजण घातलेली बादली चोवीस तासांत तयार होते आणि छत्तीस तासांत हाताबाहेर जाऊ शकते. तिथे ती घरातल्या सर्वात गार कोपऱ्यात हवी. नाशिककडच्या जानेवारीत तीन-चार दिवस धीर धरावा लागतो. कोकणात पावसाळ्यात ऊब ठीक असते, पण हवेतच बुरशी असते, म्हणून तिथे बादलीची कड रोज पुसायची. तयार झाल्याची खूण नाकाला कळते: स्वच्छ, आंबट, ताकाकडे झुकणारा वास. वर पांढरी पातळ साय आली तर घाबरू नका, ते यीस्ट असतं, काढून टाका. हिरवी, काळी, गुलाबी, लोकरीसारखी बुरशी दिसली की मात्र सगळी बादली खतात. वरचा भाग काढून खालचं वापरण्याची काटकसर इथे करायची नाही. उलटीसारखा, सडक्या अंड्यासारखा किंवा नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा वास आला, तरी तेच.

एक चूक जाणकारही करतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार लेअर मॅश थेट बादलीत टाकतात. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, तेही मुख्यतः चुनखडीचं. आम्ल तयार होतं तसं चुनखडी ते मारत जाते. बादली जोरात फेसाळते, बघणाऱ्याला वाटतं छान आंबतंय, आणि पीएच हलायला तयार नसतो. त्यात वेगळं घातलेलं लायसिन, म्हणजे प्रथिनाचा एक गरजेचा घटक, तेही जंतू खाऊन टाकतात. लेअर मॅश फार तर भिजवून लगेच द्यावं आणि आंबवायला साधं धान्यच घ्यावं. कॅल्शियम वेगळ्या वाटीत ठेवलं की कोंबडी गरजेपुरतं टिपते. कोकणात कालवांच्या शिंपल्यांचा चुरा, देशावर भाजून भरडलेली अंड्याची टरफलं चालतात. चुरा मात्र जाडसर ठेवा.

आंबवण्याचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की खराब धान्य त्यानं सुधारतं. भिजलेला मका, जुनी पेंड, ‘कोंबड्यांनाच तर घालायची आहे’ म्हणून आणली जाते. पेंडीवर आणि मक्यावर वाढणारी अस्परजिलस बुरशी अफ्लाटॉक्सिन सोडते. बुरशी मेली तरी विष राहतं, आणि बादलीतल्या आंबटपणानं ते जाईल असं धरून चालता येत नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला आणि या विषाची ओळख झाली. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात अवेळी पावसात भिजलेला मका खाऊन माणसंच दगावली, गावातली कुत्रीही. कोंबडी टर्कीपेक्षा काटक, पण अंडी कमी होणं, यकृत पिवळं पडणं, लसीचा परिणाम उणावणं हे तिच्याही नशिबी येतं. परसात बदकं असतील तर आणखी जपा, त्यांची पिल्लं फारच लवकर मरतात. पेंड फोडून वास घ्या. कुबट, कडवट वास आला किंवा आत हिरवट रेषा दिसल्या तर परत द्या. तांदळाचा कोंडा तर ताजाच हवा, त्यातलं तेल काही आठवड्यांत खवट होतं. कच्च्या सोयाबीनचंही असंच. त्यातला पचन अडवणारा घटक भिजवून-आंबवून पुरेसा जात नाही, तो भाजून किंवा उकडूनच घालवावा लागतो. सोयाबीनची पेंड कारखान्यात तापवलेली असते, ती चालते.

वाढताना पाणी गाळून विरजणाला ठेवा. खाद्य मुठीत धरल्यावर गोळा व्हावा आणि सोडल्यावर फुटावा, एवढंच ओलं. नवख्या कोंबड्या पहिल्या दिवशी मान तिरकी करून बघतात आणि निघून जातात. आठवडाभर कोरड्यात थोडं थोडं मिसळत नेलं की मग भांड्यावरून भांडतात. भांडण खरंच होतं. एकाच परातीत दिलं तर दांडगी कोंबडी पोट भरते आणि नवी तलंग कडेला उभी राहते. लांबट भांडी दोन ठेवा, दर कोंबडीला निदान चार बोटं कड मिळेल अशी. उन्हाळ्यात दोन-तीन तासांत संपेल एवढंच वाढा, उरलेलं उचला आणि भांडं धुवा. वाळलेला आंबट थर पुढच्या बुरशीचं माहेर. संध्याकाळी डालग्याखाली झाकण्याआधी मूठभर कोरडी ज्वारी द्यावी. अख्खा दाणा गळ्यातल्या पिशवीत रात्रभर हळूहळू उतरत राहतो, आणि अंगणात ओलं उरलं नाही तर घुशी-उंदरांची फेरीही टळते.

‘आंबवलं की निम्म्या खाद्यात भागतं’ हे ऐकायला गोड आहे. किलोभर कोरड्याचं दोन किलोंच्या वर ओलं होतं, आणि वाढीव वजन सगळं पाण्याचं असतं. बचत होते ती सांडण्यात आणि पचण्यात. कोंबडी कोरड्याच्या हिशोबात तेवढंच मागते, फार तर थोडं कमी. मानमोडीवरही, म्हणजे राणीखेत रोगावरही, हा उपाय नाही. त्याची लासोटा लस पिल्लांना पाचव्या-सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून द्यायचीच, आणि ती चुकूनही या आंबट पाण्यात कालवायची नाही.

बादली सलग चालवायची तर रोज वापरलं तेवढं नवं धान्य घालत राहता येतं. उन्हाळ्यात हा प्रकार आवरता घ्यावा, कारण तळाला जुनं धान्य साचून वास बदलतो. त्यापेक्षा दोन बादल्या आलटून पालटून बऱ्या. आणि चार दिवस गावाला जायचं असेल, तर शेजारच्या काकूंवर बादली ढवळण्याची जबाबदारी टाकू नका. त्यांना कोरडा भरडा आणि पाण्याचं भांडं दाखवा, विरजणाचं पाणी बरणीत भरून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा, आणि बरणीवर काय आहे ते लिहा, नाहीतर कुणीतरी त्याची कढी करेल.