शनिवारचे इटालियन

शनिवारी सकाळी दहानंतर आर्थर ॲव्हेन्यूवर गाडी लावायला जागा मिळवणं हा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला एक मैदानी खेळ आहे. मी बसने जाते, त्यामुळे माझी जागा प्रेक्षकांत. कोपऱ्यावर उभं राहून नंबरप्लेटी वाचाव्यात: न्यू जर्सी, कनेटिकट, मधूनच एखादी पेनसिल्व्हेनिया. गाडीतून सत्तरीचे काका उतरतात, मागून काकू. डिकीतून भलीमोठी बर्फपेटी निघते आणि सगळ्यात शेवटी कानात बोंडं खुपसलेला नातू. काका फुटपाथच्या मधोमध थांबून समोरच्या विटांच्या इमारतीकडे बोट दाखवतात. "त्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. दोन खोल्या आणि घरात आठ माणसं." नातू वर बघतो, मान हलवतो. त्या खिडकीत आता डोमिनिकन झेंडा आहे. खिडकीतली बाई काकांकडे बघतसुद्धा नाही. दर शनिवारी कोणी ना कोणी तिच्या घराकडे बोट दाखवतंच, ती तरी किती जणांकडे लक्ष देणार!

मग मंडळी पावाच्या रांगेत लागतात.

हे शनिवारचे इटालियन. सोमवार ते शुक्रवार या बेलमाँट वस्तीत राहतात ते पोर्तोरिकन, डोमिनिकन, मेक्सिकन, अल्बेनियन आणि शेजारच्या फोर्डम विद्यापीठात शिकणारी, भाडं वाटून घेणारी पोरं. पाट्या मात्र अजून इटालियन. पाववाले, चीजवाले, खाटीक, मासळीवाले, सगळे आपापल्या जागी. माडोनियांची बेकरी १९१८ पासून आहे, तिथे कनोलीत, म्हणजे तळलेल्या कुरकुरीत नळीत, सारण तुमच्यासमोर भरतात, आधी भरून मऊ पडलेली कनोली खपवत नाहीत. बोर्गाटींकडे १९३५ पासून ताजा पास्ता मिळतो आणि शेवया किती रुंद हव्यात ते तुम्ही सांगायचं. एका दुकानाच्या छताला इतके सलामीचे सॉसेज लटकलेत की उंच माणसाने वाकूनच आत शिरावं. चीजच्या दुकानात एक पोरगा गरम पाण्यात हात घालून मोझरेला ओढत असतो. तो पोरगा बहुधा मेक्सिकोचा. ज्या काकूंसाठी तो गोळा वळतो, त्या न्यू जर्सीहून आलेल्या. त्यांची आई इथेच, याच काउंटरवर, याच तऱ्हेने दोन बोटांनी दाबून गोळा निवडायची, हे त्या त्याला सांगतात. तो ऐकून घेतो. बोटं पुसायला कागद देतो.

न्यूयॉर्कला येणारे आपले पाहुणे 'लिटल इटली' बघायचं म्हणतात तेव्हा त्यांना मॅनहॅटनची मलबेरी स्ट्रीट हवी असते. नेते मी, पण आतून कुरकुरत. १९५० च्या सुमाराला त्या भागातली जवळजवळ निम्मी वस्ती इटालियन होती आणि प्रत्यक्ष इटलीत जन्मलेले दोन हजारांवर होते. २००० च्या जनगणनेत इटलीत जन्मलेले फक्त ४४ उरले. पुढच्या दहा वर्षांत झालेल्या पाहणीत तर तसा एकही रहिवासी सापडला नाही. टेबलांवर लाल-पांढऱ्या चौकड्यांची कापडं आहेत, दाराशी हात धरून आत ओढणारे वेटर आहेत, पण कोणी घरी न्यायला अर्धा किलो काही घेताना दिसत नाही. माझा हिशेब साधा आहे. ज्या बाजारात फक्त बसून खातात तो देखावा, आणि जिथून पिशवी भरून नेतात तो बाजार. आर्थर ॲव्हेन्यू अजून पिशव्यांची आहे.

ही जमीन एकेकाळी लोरिलार्ड घराण्याची. हे लोक तपकिरीच्या धंद्यावर गब्बर झाले. त्यांची दगडी तपकीर-गिरणी जवळच्या वनस्पती उद्यानात अजून उभी आहे. पुढे जमिनीचे तुकडे पडले, रस्ते आखले गेले आणि त्यातल्या एकाला राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांचं नाव मिळालं. उद्यानाची स्थापना १८९१ ची, प्राणिसंग्रहालय उघडलं १८९९ मध्ये. ही कामं, जोडीला रस्ते, नळ, रेल्वे, यांसाठी हात हवे होते आणि दक्षिण इटलीतल्या कोरडवाहू गावांत हातांना काम नव्हतं. कालाब्रिया, सिसिली, नेपल्सच्या आसपासची गावं इथे उतरली. गवंडी, पाथरवट, माळी. १९०६ मध्ये माउंट कार्मेलच्या मातेच्या, म्हणजे मेरीच्या, नावाने कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती, स्थापन झालं. सात-आठ रस्त्यांत गावंच्या गावं एकमेकांना खेटून राहिली आणि मासळी कोणाकडून घ्यायची हे मासळीवाल्याच्या गावावरून ठरू लागलं.

माल विकायचा तो हातगाडीवर. रस्ता गाड्यांनी गच्च. महापौर फिओरेल्लो लाग्वार्दिया यांना हातगाड्यांचा तिटकारा होता. त्यांनी शहरभर बंदिस्त मंडया बांधायचा सपाटा लावला. आर्थर ॲव्हेन्यूची मंडई १९४० ची. गाडीवाल्यांना आत गाळे मिळाले, डोक्यावर छप्पर आलं, पण तेव्हा ते खूश होते की नाही, कोण जाणे. गाडी ढकलत गिऱ्हाइकाच्या दारात जाणाऱ्या माणसाला गाळ्यात बसून वाट बघायला लावणं ही शिक्षाही असू शकते. आज त्या मंडईत भाजी आहे, ऑलिव्ह आहेत, बिअरचा बार आहे आणि दाराशीच सिगार वळणारे बसलेले असतात. तंबाखूच्या पैशावर उभ्या राहिलेल्या जमिनीत तंबाखू परत आली, हे लोरिलार्डांना आवडलं असतं.

आता या लाग्वार्दियांचंच बघा. वडील इटालियन, आई त्रिएस्त शहरातली ज्यू. न्यूयॉर्कच्या सगळ्यात गाजलेल्या इटालियन महापौराची ही गोष्ट. आणि आर्थर ॲव्हेन्यूवरच्या सगळ्यात जुन्या इटालियन किराणा दुकानांपैकी एक, टायटेल ब्रदर्स, १९१५ मध्ये काढलं ते ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेल्या ज्यू भावांनी. ऑलिव्ह तेलाचे डबे, टोमॅटो, खारे मासे, परमेसान चीजची चाकं, सगळा माल इटलीचा. दुकानाच्या उंबरठ्यावर, फरशीत, ज्यूंची खूण असलेला सहा टोकांचा तारा बसवलेला आहे, हिटलरच्या काळात मुद्दाम बसवून घेतलेला. नाताळासाठी सामान घ्यायला येणारं प्रत्येक कॅथलिक पाऊल त्या ताऱ्यावरून आत जातं. इतकी वर्षं गेली, कोणाला त्यात काही खटकत नाही. मला तर वाटतं, या रस्त्याची खरी पाटी तीच.

म्हणून 'आता इथे खरे इटालियन कुठे राहिलेत' असं कोणी हळहळलं की मला गंमत वाटते. शंभर वर्षांपूर्वीसुद्धा परमेसान विकणारा माणूस ज्यू होता. तो इटालियन बोलायला शिकला, कारण गिऱ्हाईक इटालियन होतं. बाजाराला जात नसते, असं मी म्हणणार नाही, भरपूर असते. पण बाजाराची जात गल्ल्यावर बसणारा ठरवत नाही, समोर उभं राहून "कालचा आहे का हा?" विचारणारा ठरवतो.

लोक गेले कुठे? दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या पोरांना घरासाठी सरकारी कर्जं मिळाली. दोन खोल्यांत आठ जण राहिलेल्यांना अंगण हवं होतं. वेस्टचेस्टर, लाँग आयलंड, न्यू जर्सी. सत्तरच्या दशकात दक्षिण ब्रॉन्क्समध्ये इमारतीमागून इमारती जळाल्या, १९७३ मध्ये थर्ड ॲव्हेन्यूवरची उन्नत रेल्वे बंद झाली आणि बेलमाँटला येणं म्हणजे बस किंवा पायपीट, असं होऊन बसलं. सगळीकडे राख होत असताना ही वस्ती टिकली. घरमालक आपल्याच घरात राहत, दुकानदार दुकानावरच्या मजल्यावर, त्यामुळे विम्याच्या पैशासाठी कोणी स्वतःचं छप्पर पेटवायला निघालं नाही. हे कौतुकाचं. पण दुसरंही सांगायला हवं. त्या काळात पलीकडच्या रस्त्यावरच्या काळ्या आणि पोर्तोरिकन पोरांनी चुकून इथे पाऊल टाकलं तर त्यांना मार पडे. शनिवारचे काका "तेव्हा इथे दारं उघडी टाकून झोपायचो" म्हणतात, तेव्हा ती दारं कोणासाठी उघडी नव्हती हे त्यांना ठाऊक असतं. ते नातवाला सांगत नाहीत.

त्याच सुमाराला अल्बेनियन यायला लागले. कोसोव्हो, माँटेनेग्रो, मॅसिडोनिया, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातून निसटलेले. पुष्कळ जण आधी इटलीत पोचले होते, अमेरिकेची वाट बघत तिथे राहिले होते आणि इटालियन बोलायला शिकले होते. ब्रॉन्क्समध्ये त्यांना आपली भाषा समजणारं कोणी नव्हतं, पण इटालियन समजणारी एक वस्ती होती. आधी इमारतींची देखभाल करणारे झाले, बॉयलर, नळ, कचरा. मग त्याच इमारती विकत घेतल्या. मग पिझ्झाची दुकानं. आज आर्थर ॲव्हेन्यूवर लाल झेंड्यावरचा दोन तोंडांचा काळा गरुड दिसतो. छोट्या कपातली कॉफी पुढ्यात घेऊन बसलेली, कोणालाही कसलीही घाई नसलेली पुरुषमंडळी दिसतात. पिझ्झाच्या दुकानात काचेमागे पिझ्झाशेजारी बुरेक असतं: पातळ पापुद्र्यांत पालक, चीज किंवा खिमा. शनिवारचे काका पिझ्झा मागतात. मी बुरेक मागते. कडेचा, खरपूस तुकडा मागावा आणि दुकानाबाहेर पडायच्या आत संपवावा.

यातली खरी मजा जुन्या इतिहासात आहे. पंधराव्या शतकात अल्बेनियाचा सेनानी स्कांदरबेग तुर्कांशी लढला. १४६८ मध्ये तो वारल्यावर हजारो अल्बेनियन समुद्र ओलांडून दक्षिण इटलीत, कालाब्रियात, सिसिलीत जाऊन वसले. त्यांच्या वंशजांची गावं तिथे अजून आहेत, जुनी अल्बेनियन अजून बोलतात. एकोणिसाव्या शतकातले इटलीचे पंतप्रधान फ्रांचेस्को क्रिस्पी त्यांच्याच कुळातले. म्हणजे कालाब्रियातून ब्रॉन्क्सला आलेल्या कोणा काकांचे खापरपणजोबा अल्बेनियन असतील, आणि त्यांना पिझ्झा विकणारा कोसोव्होचा माणूस इटालियन समजला जाऊन गल्ल्यावर बसला असेल. दोघं एकमेकांकडे इटालियन म्हणून बघताहेत, दोघांनाही पिझ्झा पसंत.

गेल्या डिसेंबरात सासूबाई आल्या होत्या. त्या मूळच्या अलिबागच्या. अमेरिकेतल्या मासळीविषयी त्यांचं मत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सॅमन मासा बघून एकदा झालं होतं ते झालंच होतं. त्यांना मी आर्थर ॲव्हेन्यूला घेऊन गेले. फुटपाथवर बर्फात मांडलेले शिंपले, माकुल, ईल, डोळे असलेले अख्खे मासे बघून त्या जरा सैलावल्या. एका माशाचे कल्ले उचलून पाहिले. दुकानदार काही बोलला नाही. त्यावरून त्यांनी दुकान चांगलं असल्याचं ठरवलं.

नाताळाचा आदला दिवस जवळ आला होता. दक्षिण इटलीच्या लोकांकडे त्या रात्री मांस वर्ज्य, फक्त मासळी, आणि अमेरिकेत आल्यावर तिची सात पक्वान्नं झाली. त्यातलं एक खारवून वाळवलेल्या कॉडचं, बकाला. फळीसारखे कडक, पांढरे, मिठाने माखलेले तुकडे दाराशी उभे करून ठेवले होते. सासूबाईंनी वास घेतला आणि थेट सुक्या बोंबलांच्या ढिगासमोर उभ्या असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"अगं, ह्याला विचार, करायचं कसं."

काउंटरमागचा माणूस इक्वेडोरचा. दुकानात बरीच वर्षं आहे. त्याने सांगितलं: तीन दिवस पाण्यात भिजत ठेवा, फ्रिजमध्ये, आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी बदला. मी भाषांतर केलं.

"मीठ काढायचंच होतं तर लावलं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. ह्याचं भाषांतर मी केलं नाही.

मागे रांगेत फरचा कोट घातलेल्या एक काकू होत्या. त्या मध्ये पडल्या. तीन दिवस फार होतात, त्यांची आई दोनच दिवस भिजवायची. त्यांच्यामागचे एक काका म्हणाले, दोन दिवस ठीक, पण शेवटच्या रात्री दुधात. दुधात? काकूंना ते सहनच झालं नाही. कोणत्या गावचे तुम्ही? काकांनी गाव सांगितलं. काकूंनी 'तरीच' अशी मान डोलावली. रांग थांबली. आणखी दोघा-तिघांनी आपापल्या आजीची साक्ष काढली. सासूबाईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण भांडण कशाचं आहे ते बरोबर कळत होतं.

शेवटी काकूंनीच इक्वेडोरच्या माणसाकडे वळून विचारलं, तूच सांग. त्याने हातातला तुकडा उलटा केला, जाड बाजू अंगठ्याने दाबली. "हा जाडा आहे. तीन दिवस."

काकांनी मान हलवली. काकूंनीही. आजीचा विषय संपला.

"काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"तीन दिवस."

"मग दोन तुकडे दे म्हणावं. पण ते पातळ बाजूचे."