आमची वाटचाल : आवरण उतरवायच्या दिवसाचा विचार

आमचा व्यवसाय उभा राहिला तो जुनं क्लॅडिंग, म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतींवरचं आवरण, काढण्यातून. नवं बसवणं नंतर आलं. मी आणि माझा भागीदार, दोघंही मुळात सुतार. सुरुवातीला कामं यायची ती दुरुस्तीची : बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्या कुजल्या, पॅनेल फुगलं, आतल्या खोलीत ओल आली. आवरण उतरवलं की इतकी वर्षं त्यामागे काय चाललं होतं ते सगळं समोर यायचं. संध्याकाळपर्यंत घरासमोर उतरवलेल्या मालाचा ढीग साचायचा आणि तो कुठे टाकायचा हा प्रश्न आमच्याच गळ्यात पडायचा. पर्यावरणपूरक आवरण कशाला म्हणायचं, याचं आमचं उत्तर त्या ढिगातून तयार झालं.

सर्वांत अडचण व्हायची ती व्हिनाइलची. ते हलकं, स्वस्त, रंग न मागणारं; लोक ते का निवडतात हे कळतं. पण ते पीव्हीसी प्लास्टिक आहे. ज्या व्हिनाइल क्लोराइड वायूपासून ते बनतं, त्याने यकृताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. हे प्लास्टिक जळलं तर हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं बाहेर पडतात. त्याचा पुनर्वापर शक्य आहे, पण उन्हात ठिसूळ झालेला, खिळे आणि मातीने भरलेला माल घ्यायला सहसा कोणी तयार नसतं. आम्ही व्हिनाइलची कामं घेणं बंद केलं. काही ग्राहक गेले. निर्णय तोच राहिला. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळलेल्या फळ्यांनाही आम्ही हात लावत नाही. दोन्ही घटक पुन्हा वेगळे करता येत नाहीत, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून त्या विकणं आम्हाला पटत नाही.

फायबर सिमेंटशी, म्हणजे तंतू मिसळलेल्या सिमेंटच्या बोर्डाशी, आमचं नातं जरा गुंतागुंतीचं आहे. ते जळत नाही, वाळवी लागत नाही, नीट बसवलं तर अनेक दशकं टिकतं. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा असला, तरी वारंवार न बदलावा लागणारा बोर्ड एकूण हिशेबात चांगला ठरू शकतो. खरा धोका कापताना असतो. ग्राइंडरने कोरडं कापलं की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. आमच्याकडे ग्राइंडरने कोरडं कापायला मनाई आहे : खाच मारून तोडायचं, नाहीतर धूळ ओढून घेणारी करवत वापरायची, तोंडावर योग्य मास्क लावूनच. कापणाऱ्याची फुप्फुसं हा आमच्या दृष्टीने पर्यावरणाचाच भाग आहे. जुना सिमेंट बोर्ड असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असं तंतुमय खनिज, असण्याची शक्यता धरावी. तपासणी होईपर्यंत तो तोडू नये, भोकंही पाडू नयेत.

आमचा जीव मात्र लाकडात. वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळपास निम्मा कार्बन असतो आणि फळी भिंतीवर आहे तोवर तो तिथेच राहतो. पण हा युक्तिवाद जंगल पुन्हा वाढत असेल तरच खरा. म्हणून १९९३ साली स्थापन झालेल्या एफएससीसारख्या, जंगलं नीट सांभाळली जातात का हे पाहणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र आणि लाकडाची जंगलापासून आमच्यापर्यंतची साखळी आम्ही तपासतो. रसायनात बुडवलेल्या लाकडाऐवजी बऱ्याच वेळा उष्णतेने मुरवलेलं लाकूड सुचवतो. ते वाफेच्या वातावरणात साधारण १८० ते २३० अंश सेल्सिअसला तापवलेलं असतं; पाणी कमी शोषतं, कमी फुगतं. मात्र ते थोडं ठिसूळ होतं, त्यामुळे टोकाजवळ आधी भोक पाडून मगच स्क्रू मारायचा. वाळवीपासून त्याला संरक्षण मिळालेलं नसतं, हेही ग्राहकाला आधीच सांगतो. उन्हाने लाकूड राखाडी पडतं. तो रंग वरच्या थरापुरता असतो, कुजण्याचं लक्षण नव्हे. हे समजल्यावर अनेकांनी पॉलिशचा हट्ट सोडला.

आणि तरीही, आम्ही उतरवलेल्या कुजक्या फळ्यांत लाकूड वाईट निघणं क्वचितच. वाईट असायची ती बसवण्याची पद्धत. फळी थेट भिंतीला ठोकलेली, मागे हवा नाही, खालचं टोक मातीला टेकलेलं. पाऊस कुठल्याही आवरणामागे थोडा शिरतोच. त्याला बाहेर पडायला वाट हवी. आम्ही भिंतीवर उभ्या पट्ट्या मारून २० ते २५ मिलिमीटरची पोकळी ठेवतो, वर-खाली ती उघडी ठेवून कीटक येऊ नयेत म्हणून जाळी लावतो. फळी उभी बसवायची असेल तर पट्ट्यांचा आणखी एक आडवा थर लागतो, नाहीतर पाणी अडतं. कापलेली टोकं तेलाने किंवा रंगाने बंद करायची, फळी जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर ठेवायची. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण टॅनिन (लाकडातलं नैसर्गिक तुरट द्रव्य) असलेल्या लाकडात साध्या लोखंडाने काळे ओघळ येतात. या पोकळीमुळे उन्हाची झळही भिंतीपर्यंत कमी पोहोचते.

उंच इमारतींत हीच पोकळी आगीला वर चढायला वाट देते, म्हणून तिथे पोकळीत ठरावीक अंतरावर आग अडवणारे अडथळे लागतात. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं दगावली. तिथल्या पॅनेलांच्या गाभ्यात पॉलिथिलीन हे पेट घेणारं प्लास्टिक होतं. आम्ही उंच इमारतींची कामं घेत नाही, पण पॅनेलच्या आत काय आहे हे छोट्या घरासाठीही विचारतो.

धातूबद्दल थोडक्यात : पुनर्वापरातून आलेलं अ‍ॅल्युमिनियम घ्या. खनिजापासून नवं करायला लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे ५ टक्क्यांतच ते तयार होतं.

आता आमच्या अंदाजपत्रकात एक वेगळी ओळ असते : हे आवरण उतरवायची वेळ येईल तेव्हा त्याचं काय होईल. तिच्यामुळे बरेच निर्णय आपोआप बदलतात. गोंद जाऊन स्क्रू येतो, म्हणजे एक फळी बिघडली तर तेवढीच काढता येते. काही घरी तर पाहणीनंतर आम्ही सांगतो की आवरण बदलूच नका, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर न्या आणि खराब झालेल्या फळ्या तेवढ्या बदला. अलीकडे आम्ही स्वतः बसवलेल्या फळ्या परत घ्यायलाही सुरुवात केली आहे. रंधा मारून, टोकं छाटून, पाऊस कमी लागणाऱ्या बाजूला त्या पुन्हा चांगल्या चालतात.